दोनशे शहाऐंशी नंबरची चिठ्ठी

“बटण तुम्हीच दाबायचं, बाबा. बास, ठरलं,” लेक म्हणाली.

“मी नाही दाबणार,” म्हणत बाइंडरकाका खळीचं भांडं उगाचच ढवळत राहिले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांचं बाइंडिंगचं टेबल. आज त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लेकीनं लॅपटॉप मांडला होता. वाचनालयासाठी दरवर्षी सोडत निघायची, पत्र्याच्या डब्यातून, आणि चाळीसेक वर्षं डब्यात हात घालायचे ते काकाच. सोडत काढणाऱ्यानं तिकीट घ्यायचं नाही, असा नियम होता. काकांनी तो कधी मोडला नाही. यंदा वाचनालयाचं गळकं छप्पर बदलायचं होतं, पण सभासद चार दिशांना पांगलेले, म्हणून लेकीनं सोडत ऑनलाइन आणली. पण तिकिटं खपतील तर शपथ! खाली लोकांचे शेरे: ‘यंत्रानं काढलेला नंबर खरा कशावरून?’ ‘काका काढणार असतील तर चार घेतो.’

“वाचलंत ना? तुम्ही नाही म्हणालात तर सोडत बोंबलली, आणि छप्परही.”

“आधी सांग, यात लबाडी कशी होणार नाही?”

“विक्री संपली की सगळी यादी जाहीर होते. पुढे एक अक्षर बदलता येत नाही, मलासुद्धा नाही. नंबर निघाला की एकाच वेळी सगळ्यांच्या पडद्यावर. तिकीट कोणी घेतलं आणि कोणाच्या नावावर, दोन्ही दिसतं. तुमच्या जुन्या रजिस्टरासारखंच.”

काकांना हसू आलं. आपल्या नावाला कधी यश नाही, असं तेव्हा ज्याला त्याला वाटायचं. मग कोणी भाचीच्या नावावर तिकीट घ्यायचा, कोणी नातवाच्या.

“पण नंबर असा धाडकन सांगतात होय?” ते म्हणाले. “पहिला आकडा सांगायचा. मग निवांत चष्मा पुसायचा. लोकांचा जीव कसा टांगणीला लागला पाहिजे. मग दुसरा.”

लेकीनं दहा मिनिटं खटपट केली. आकडे एकेक करून, थांबत थांबत उमटायला लागले.

“आता कशी सोडत वाटतेय!” काका खूश झाले. मग त्यांचा चेहरा पडला.

“काय झालं, बाबा?”

“तुझ्या आईला सोडतीत शिलाई मशीन लागलं होतं ना... ते तिला लागलंच नव्हतं गं.”

लेक बघतच राहिली. त्या मशीनवर तिचे शाळेचे गणवेश शिवले गेले होते. त्या मशीननं तिची फी भरली होती.

“तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं. ती हातानं काजं-बटणं करायची. बोटांची नुसती चाळण झालेली. दोनशे एक्केचाळीस नंबरचं तिकीट तिनं माझ्याकडूनच घेतलं होतं. चिठ्ठी निघाली दोनशे शहाऐंशी. मी ‘दोन’ म्हटलं आणि चष्मा पुसत समोर बघितलं. ती टाचा उंच करून उभी, ओठ दाताखाली. माझ्या तोंडून ‘चार, एक’ निघून गेलं. चिठ्ठी खिशात घातली. ती बघायलाही कोणी मागितली नाही. एवढा विश्वास!”

“आईला सांगितलंत?”

“कुठल्या तोंडानं सांगू? दोन वर्षांपूर्वी ती गेली ना, त्या सकाळीसुद्धा शब्द जिभेवर आला होता. गिळला.” काकांचे डोळे भरून आले. त्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून घडीवर विरलेली एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “सांग, या हातानं बटण दाबू?”

“मग मशीन खरं कोणाचं होतं?”

“कधी बघितलंच नाही. त्या नंबरचं तिकीटपुस्तक ग्रंथपालांनी विकलेलं, मी नाही. पुढे त्या वर्षीचं रजिस्टर मीच बांधून दिलं, पण तेवढं पान उघडायची हिंमत झाली नाही.”

“सगळी रजिस्टरं मी यात भरली आहेत. बघू?”

काकांनी खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. बाहेर वाचनकक्षात कोणीतरी खुर्ची सरकवली.

“बघ. तो माणूस असेल तर उद्याच जाऊन त्याचे पाय धरतो. नसला तर त्याच्या मुलाबाळांचे. त्यांनी ‘दाब’ म्हटलं तरच मी बटण दाबणार. नाहीतर तुझ्या त्या लोकांना खरं काय ते सांगून टाकेन आणि घरी बसेन.”

लेकीनं वर्ष टाकलं, नंबर टाकला. मग ती हलेचना.

“अगं, बोल ना. कोण होता बिचारा?”

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. तिकीट घेणाऱ्याच्या रकान्यात तिच्या आईचं माहेरचं नाव होतं. आणि शेजारी, ‘कोणाच्या नावावर’ या रकान्यात, ग्रंथपालांनी एवढंच लिहून ठेवलं होतं: ‘आपले बाइंडर’.