टोपलीतला रोहू

"टोपली जराशी वर धर बाई," रिसॉर्टचा मॅनेजर दिनेश म्हणाला, आणि त्यानं रोहूवर मोगऱ्याच्या अत्तराचा फवारा मारला.

कुंतानं तोंड बाजूला फिरवलं. ढिवराच्या घरात जन्मली, ढिवराच्याच घरात नांदली. माशाच्या वासानं तिला कधी मळमळलं नव्हतं. पण हा रोहू परवाचा. डोळे पांढरे, कल्ले काळे, आणि वर मोगरा. मोहर्लीच्या त्या रिसॉर्टच्या फाटकात ती त्यांनीच दिलेलं लुगडं नेसून उभी होती. संध्याकाळी ते घडी घालून परत करायचं. जंगल सफारीच्या जिप्सीतून उतरलेले पाहुणे तिला खेटून फोटो काढत. मागे पाटी : आजचा ताजा मासा, गावच्या तलावातून.

गावच्या तलावातला मासा इथल्या चुलीवर चढणं कधीचंच बंद झालं होतं. तिचा नवरा लच्छू पूर्वी जाळं काढून सरळ इथे यायचा. आता आत शिजत ते व्हिएतनामहून आलेले पांढरे, बिनकाट्याचे तुकडे.

"काऊन बंद केला भाऊ आमचा मासा?" तिनं एकदा दिनेशला विचारलं होतं.

"आपल्या देशानं तिकडच्या देशांच्या गटाशी करार केला ना बाई. जकात उतरली. बर्फात समुद्र ओलांडून येते, तरी लच्छूभाऊच्या माशाहून सस्ता पडते. मालकाचे हे नवे बंगले बी तिकडच्याच पैशातले." तो हसला होता. "अन् तुमच्या माशाले काटे. पाव्हण्यांले खातानी बोलता येत नाई."

तरी ती रोज उभी राहत होती. दारात दिसत राहिलं तर सौदा पुन्हा जुळेल, एवढीच आशा. सप्ताहात बुवांनी मत्स्यावताराचं आख्यान लावलं होतं. राजाच्या ओंजळीत आलेली मासोळी घड्यात मावेना, तळ्यात मावेना, शेवटी समुद्राएवढी झाली. टाळ थांबले तरी कुंताचे हात जोडलेलेच होते. देव आधी मासा झाला, यात तिला आपल्या कुळाचा मान वाटला. सौदा जुळला तर बुवांच्या पायाशी नारळ ठेवीन, असं ती तिथेच बोलली होती.

एका पाहुणीनं नाकाला रुमाल लावला आणि फोटो न काढताच ती आत गेली.

दिनेशनं ते पाहिलं. "कुंताबाई, लच्छूभाऊले सांग. उद्यापासून रोज सकाळी ताजा रोहू पायजे."

कुंतानं टोपली खाली ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले. "किती किलो आणू भाऊ?"

"किलो कायचे? एक आण," दिनेश म्हणाला. "अन् विकत नाई, भाड्यानं. संध्याकाळी घरी घेऊन जाजो."