परवलीचा शब्द

सायरन बोंबलायला लागला तेव्हा दिकेलेदी मोगाले नात लेसेदीच्या वेण्या घालत होत्या. दुपारचे तीन वाजले होते. बागेतल्या सेन्सरसमोरून काहीतरी गेलं होतं. मांजर असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

लगेच टेबलावरचा कॉर्डलेस फोन वाजला.

"कंट्रोल रूममधून पुलेंग बोलतेय, आई. अलार्म वाजलाय तुमचा. परवलीचा शब्द?"

"जिराफ."

जोहान्सबर्गमध्ये हे पोरासोरांनाही पाठ. अलार्म वाजला की सिक्युरिटी कंपनीचा फोन येणार, शब्द विचारणार, तो सांगायचा. सहा वर्षांत दिकेलेदींच्या ते अगदी अंगवळणी पडलं होतं.

"बरोबर. ठीक आहात ना?"

"कसली ठीक! घरात मी आणि चार वर्षांची पोर. मुलगा डर्बनला. जिवाचं पाणी झालंय नुसतं."

"मग फोन ठेवू नका. पोरीला घेऊन बेडरूमच्या बाजूला जा आणि बोळातली लोखंडी जाळी लावून घ्या. माणूस पाठवते."

दिकेलेदींनी लेसेदीला काखोटीला मारलं, जाळी ओढली, कुलूप घातलं.

"आजी, चोर आलेत?"

"गप गं बये. हलू नकोस, वेणी अर्धी राहिलीय."

सायरन आपोआप थांबला. मग फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. कंपनीची निळी वर्दी, छातीवर चिलखत, कमरेला पिस्तूल.

"आला बाई तुमचा माणूस!"

"इतक्यात?" पुलेंगचा आवाज एकदम खाली आला. "आई, आमची गाडी अजून सिग्नलला आहे. उघडू नका. वर्दी काय, कुणीही शिवून घेतं. मागच्या गल्लीत काय झालं, विसरलात?"

विसरतील कशा? वर्दीतल्या तिघांनी माखुबेला आडनावाच्या नवरा-बायकोला बाथरूममध्ये बांधून घर धुऊन नेलं होतं. आणि बाईंनी स्वतःच्या हातानं फाटक उघडलं होतं.

"आजी!" बाहेरून हाक आली. "फाटक उघडा. तुम्हाला डोळ्यांनी बघतो नि जातो."

"नाव काय रे तुझं?" दिकेलेदी खिडकीतून ओरडल्या.

"व्हुयानी!"

"व्हुयानी म्हणतोय," त्या फोनमध्ये कुजबुजल्या.

"या नावाचा आमच्याकडे कुणीच नाही, आई."

दिकेलेदी पुन्हा खिडकीशी गेल्या.

"चालता हो! पोलीस येतायत!"

"अहो, मी तुमच्यासाठीच आलोय! या भागात नवीन आहे, म्हणून ओळखत नाही तुम्ही!"

"चोर नवीनच असतात, मेल्या!"

तो गेला नाही. भिंतीवरच्या विजेच्या तारांकडे त्यानं पाहिलं, मग फाटकाच्या आडव्या पट्टीवर पाय ठेवला.

"चढतोय गं! पुलेंग, चढतोय तो!" त्यांनी लेसेदीला पलंगाखाली ढकललं. काही झालं तरी पोर सापडता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"एक मिनिट धीर धरा. करते बंदोबस्त."

फोनवर शांतता. एक एक क्षण युगासारखा. तेवढ्यात त्या माणसाच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. त्यानं त्यात दोनदा काहीतरी विचारलं. मग पाय खाली घेतला, खिडकीकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि गाडी घेऊन निघून गेला.

"गेला!" दिकेलेदींनी लेसेदीला पलंगाखालून ओढून घेतलं. डोळ्यांना धारा लागल्या. "देव तुझं भलं करो, पोरी. तू नसतीस तर उघडलं असतं मी."

"ते कामच आहे आमचं. आता आमची दोघं पोचतायत. त्यांना घर तपासू द्या. मी आहेच लाइनवर."

दिकेलेदींनी जाळी उघडली, लेसेदीला कडेवर घेतलं आणि स्वयंपाकघरात आल्या. फाटकाच्या कॅमेऱ्यात निळ्या वर्दीतले दोघे दिसत होते. एकानं हसून हात केला.

"दमलेत बिचारे," त्या म्हणाल्या. "रूइबॉस चहा टाकते सगळ्यांना."

त्यांनी बटण दाबलं. फाटक सरकायला लागलं. ओट्यावर चार्जिंगला लावलेला मोबाइल थरथरला. कंपनीचा मेसेज होता.

'तुमचा फोन सतत व्यस्त होता. आत्ता तुमच्या मुलीने फोन करून जिराफ हा शब्द बरोबर सांगितल्यामुळे अलार्म रद्द केला आहे. आमचा शिपाई व्हुयानी याला परत बोलावले आहे.'