मुदतीआधी सात वर्षं

मॅनेजरने बोट ठेवलं तिथे मेकॅनिकने सही केली. पान उलटलं, पुन्हा बोट, पुन्हा सही. कागद वाचायचे बायकोने आणि सह्या करायच्या त्याने, ही त्यांच्या घरातली जुनी वाटणी. विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचणारी बाई ती. आत्ताही शेजारच्या खुर्चीत बसून ती प्रत्येक कागद डोळ्यांखालून घालत होती आणि मगच त्याच्याकडे सरकवत होती.

"झालं," मॅनेजर म्हणाला. "घर आता पूर्णपणे तुमचं. सात वर्षं आधी कर्ज फेडणारे फार थोडे बघितलेत मी. व्याज वाचलं, डोक्याचा ताप गेला. आता निवांत झोपा."

मेकॅनिक कसनुसा हसला. गेले सहा महिने तो धड झोपलाच नव्हता. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या रात्र काढायची आणि बायकोला सांगायचं, पाठ धरली आहे.

त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. गंमत अशी, की लिफ्ट बंद पडली की सगळ्यात आधी जिने चढायचे ते मेकॅनिकनेच. वीस वर्षं हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो मजलेच्या मजले चढला. गेल्या वर्षी मात्र तिसऱ्या मजल्यावर मटकन खाली बसला. सोबतचे म्हणाले, आता स्वतःपुरती एक लिफ्ट बसवून घे. तोही त्यांच्याबरोबर हसला आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करून ती बदलली, तर पुढची वीस वर्षं काळजी नव्हती. खर्च ऐकून मेकॅनिकला घाम फुटला. तेवढे पैसे त्याच्याकडे होते, हीच तर पंचाईत. नसते तर प्रश्नच मिटला असता. पगारातून दरमहा कापली गेलेली वीस वर्षांची पुंजी होती, आणि घराचं उरलेलं कर्जही जवळपास तेवढंच होतं.

दोन दिवस त्याच्या डोक्यात तेच. ऑपरेशन फसलं तर? पैसेही जातील, आपणही जाऊ, आणि मागे राहील शिवणयंत्रावर चार पैसे मिळवणारी बायको, नववीतली लेक चिमणी आणि आठ वर्षांचे हप्ते. तो लहान असताना वडील गेले आणि तीन महिन्यांत आईला घर खाली करावं लागलं. भांडीकुंडी रस्त्याच्या कडेला मांडून बसलेली आई त्याला अजून दिसायची. चिमणीवर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

कंपनी जुन्या माणसांना पैसे मोकळे करून देते आहे, असं त्याने घरी सांगितलं. बायको आनंदाने रडली. पुंजी बँकेत गेली. थोडे कमी पडत होते, ते त्याने वर्षभर ओव्हरटाइम करून, दर मजल्यावर थांबत, जिने चढून भरले.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा डॉक्टरकडे गेला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. "इतके दिवस होतात कुठे?" एवढंच डॉक्टरने विचारलं. फार तर तीन-चार महिने, असं कळलं.

त्याला मरायचं नव्हतं. चिमणी मोठी झालेली बघायची होती, बायकोशी कटकट करत म्हातारं व्हायचं होतं. सकाळी दाढी करताना आरशात बघवत नव्हतं, इतका जीव तुटत होता. दिलासा एकच, की छप्पर शाबूत राहणार. घराचे कागद हातात पडले की बायकोला सगळं सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं.

बँकेबाहेरच्या बाकावर तो टेकला. बायकोने कोपऱ्यावरून दोन कप चहा आणला आणि फाइल मांडीवर घेऊन शेजारी बसली. चिमणीच्या खोलीला कोणता रंग द्यायचा, स्वयंपाकघरात फळी कुठे ठोकायची, तिचं सुरूच होतं. इतकी मोकळी ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. पण आता टाळण्यात अर्थ नव्हता.

"अगं, तुला एक सांगायचं आहे."

"थांबा, आधी माझं ऐका. इतकी वर्षं पोटात ठेवलंय. कर्ज घेतलं त्या दिवशी मी एक गोष्ट तुमच्या नकळत केली. विमा म्हटलं की तुम्ही म्हणणार, पैसे पाण्यात. म्हणून तो कागद मी गठ्ठ्यात घातला आणि तुम्ही न बघता सही ठोकलीत. दर वर्षीचा हप्ता मी शिवणाच्या पैशांतून भरत होते."

"कसला विमा?" त्याने विचारलं.

"तुमचाच, कर्जाबरोबरचा. तुम्हाला काही झालं असतं, तर उरलेलं सगळं कर्ज त्या विम्यातून फिटलं असतं. मला नि चिमणीला एक पैसा भरावा लागला नसता." तिने त्याच्या हातातला कप सरळ केला आणि हसली. "आज तोही बंद करून टाकला. आता कर्जच नाही, मग काय करायचाय तो?"