एकच बाथरूम

"बाथरूम एकच आहे," क्लेमेंटीनबाईंनी ठणकावून सांगितलं.

एजंट फ्लॉईड बघतच राहिला. पापडी गावातल्या या घरात तीन बाथरूम आहेत, असं त्याने स्वतःच जाहिरातीत लिहिलं होतं. भाड्याने जागा बघायला आलेल्या चौघी नर्स एकमेकींकडे बघू लागल्या. फ्लॉईडने बाईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"आंटी, वरच्या दोन्ही बाथरूमना कुलूप का?"

"पाईप फुटलाय."

"कुठला पाईप? परवाच तर मी बघून गेलो."

"तू एजंट आहेस की प्लंबर?"

कुलपांच्या किल्ल्या बाईंच्या गाऊनच्या खिशात होत्या.

तरुणपणी बाई कुवेतला टायपिस्ट होत्या. सात मुली, दोन खोल्या आणि एक बाथरूम. पहाटेपासून दाराबाहेर रांग लागायची. खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश, आणि आत गेलेलीच्या नावाने शिमगा. भांडणं त्या रांगेत व्हायची आणि मिटायचीही तिथेच. लग्नासाठी निकोलसला होकार द्यायचा, हेसुद्धा तिथेच बहुमताने ठरलं. गावाकडे वडील गेल्याचं कळलं तेव्हा बाई रांगेतच रडल्या. त्या सकाळी सगळ्यांनी आपापला नंबर सोडून त्यांना पुढे जाऊ दिलं.

आपलं घर होईल तेव्हा खोलीगणिक बाथरूम, अशी शपथ बाईंनी तिथेच घेतली होती. देवाने ऐकलं, जरा जास्तच ऐकलं. घर झालं. मुलं, केनी आणि ज्युली, आपापल्या बाथरूममध्ये अंघोळ करून मोठी झाली आणि कॅनडाला गेली. मग निकोलस वारला. वर एक जोडपं भाड्याने ठेवलं, तर ते सगळं वरच्या वर उरकून मागच्या जिन्याने निघून जायचं. त्यातल्या नवऱ्याचा पाय मोडल्याचं बाईंना आठवड्याने चर्चमध्ये कळलं, तेही तिसऱ्याच कुणाकडून. घरी येऊन त्या कितीतरी वेळ जिन्यावर बसून राहिल्या. इतकं एकटं त्यांना कुवेतमध्ये कधी वाटलं नव्हतं.

बाहेर नर्सपैकी ऋतिका मैत्रिणींना म्हणत होती, "सकाळची ड्युटी सगळ्यांची एकदमच. नको गं बाई."

बाईंचा हात खिशात गेला. कुलपं काढली की मुली आत्ता हो म्हणतील. मग चौघी वर जातील, दारं लावून घेतील आणि दिसायच्या बंद होतील. पण आत्ताच निघून गेल्या तर? तर संध्याकाळी पुन्हा टीव्ही, आणि टीव्हीला उत्तरं देणारी आपण. किल्ल्या त्यांनी मुठीत घट्ट धरल्या, पण बाहेर काढल्या नाहीत.

"हॉस्टेलवर तरी काय वेगळं होतं?" चौघींतली सुरुची म्हणाली. ती दारात येऊन उभी राहिली. "काकू, आम्हाला चालेल. पण मग तुम्ही अंघोळ कुठे करणार?"

"तिथेच," बाई म्हणाल्या. "तुमच्या आधी."

फ्लॉईडने कपाळावर हात मारला. रविवारी मुली सामान घेऊन आल्या.

सोमवारी सकाळी बाथरूमच्या दारावर थापा पडू लागल्या. "काकू, आटपा ना! बस चुकेल आमची!" पाठोपाठ दुसरीचा आवाज आला, "झोपलात की काय आत?" मग चौघींनी मिळून गलका केला.

बाईंची अंघोळ केव्हाच झाली होती. कपडे घालून, केस विंचरून त्या पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. "आले गं, आले," त्या आतून ओरडल्या, आणि तशाच बसून राहिल्या. निकोलस गेल्यानंतर पहिल्यांदाच या घरात कुणीतरी त्यांच्यासाठी खोळंबलं होतं.