पेट्रोलचीच द्या

"काका, डिझेलचीच घ्या. पेट्रोल बघा कुठं पोचलंय!" शोरूममधला विक्रेता हणमंतरावांना म्हणाला. तीस वर्षं ट्रक चालवलेल्या हणमंतरावांचंही तेच मत होतं.

पण गाडी घेणारी होती त्यांची लेक, रेवती. "डिझेलही महागलंय," ती म्हणाली. "माझं रोजचं जाणं-येणं तीस किलोमीटर. डिझेलची गाडी सव्वा लाखानं महाग. तेवढे वसूल व्हायलाच आठ वर्षं जातील. पेट्रोलचीच द्या."

"काका, तुम्हीच समजवा ना!"

"मी काय समजवू? मी मालकांच्या गाड्या चालवल्या. ती स्वतःची घेतेय."

टेस्ट ड्राइव्हला रेवती स्टिअरिंगवर बसली, हणमंतराव शेजारी. फाटकाशी गाडी थांबताच त्यांनी काच खाली केली आणि वॉचमननं काही विचारलं नसतानाही त्याला सांगितलं, "माझी लेक चालवतेय."