जिना

"काका, पळू नका. पळालं की पावलं वाजतात, समोरच्याला कळतं," मोनिका म्हणाली. "सावकाश चाला. आन् खांबापाशी थांबा."

सदाशिवनं चुकीचं बटण दाबलं. पडद्यावरचा त्याचा सैनिक उडी मारून थेट शत्रूच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि लगेच मेला. पार्टिशनच्या पलीकडून विरुद्ध संघातली, पेंट शॉपची पोरं हसली.

चाकणच्या त्या कारखान्यात वयाच्या चौपन्नाव्या वर्षी सदाशिव बंदूक चालवायला शिकत होता. कंपनीला 'टीम स्पिरिट' वाढवायचं होतं. मागच्या वर्षी रस्सीखेच ठेवली तर दोघांचे खांदे निखळले, म्हणून यंदा कॉम्प्युटरवरचा खेळ. पाचाविरुद्ध पाच. एका संघानं ठरलेल्या जागी बॉम्ब ठेवायचा, दुसऱ्यानं तो ठेवू द्यायचा नाही. मेलेल्यानं डाव संपेपर्यंत गप्प बसायचं. जो शेवटपर्यंत जिवंत, त्याला एक गुण.

असेंब्लीच्या संघात दोन लाइनचे दोन सुपरवायझर, म्हणजे सदाशिव आणि मोनिका, आणि क्वालिटीची तीन पोरं होती. मोनिका चऱ्होलीची, एकोणतीस वर्षांची, भावांबरोबर असले खेळ खेळत वाढलेली. आठवडाभर जेवणाची सुट्टी मोडून ती सदाशिवला शिकवत होती.

"शत्रू दिसला की कुठं दिसला ते एका शब्दात सांगायचं," ती म्हणाली. "दार. खिडकी. जिना. बास. लांबण लावली की आपला माणूस मरतो."

मग ती पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा दाखवायला लागली. सदाशिवच्या चष्म्यातून तो नुसता धूसर चौकोन दिसायचा.

"ते राहू दे गं," तो म्हणाला. "मला समोरचंच झेपत नाही."

"ऱ्हाऊ द्या मग. तुमी फकस्त खांबामागं थांबा, म्होरं मी जाते. जित्तं ऱ्हाणं बी कामच हाय."

सदाशिवला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्यानं मोनिकाला सांगितली नव्हती. सोमवारी कँटीनमध्ये हात धुताना त्यानं एचआरच्या निरंजन साहेबांचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. एक लाइन बंद होणार होती. एक सुपरवायझर इथं राहणार, दुसऱ्याची गुजरातच्या कारखान्यात बदली. दोघांचंही काम चोख, निवड करायची कशी, तर शुक्रवारच्या खेळात ज्याचे गुण कमी, तो जाणार. माणूस तोलायला साहेबांना काहीतरी लागतंच, मग ते खेळणं का असेना. सदाशिवनं हात पुसले आणि जागेवर येऊन मुकाट्यानं डबा खाल्ला.

त्याची बायको पद्मा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घरापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं आणि तेवढ्या वाटेवर तिचा हात धरायला तो एकटाच होता. मोनिकाला चार वर्षांची मुलगी आहे, हेही त्याला माहीत होतं. रोज तिच्याकडून शिकताना त्याला स्वतःची लाज वाटायची. तरी तो रोज शिकायला जायचा.

शुक्रवारी बारा डाव झाले, तेव्हा फळ्यावर दोघांचे गुण सारखे होते. सहा आणि सहा. सदाशिवचे सहाही खांबामागं उभं राहून मिळालेले. मोनिका फळ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग तिनं हेडफोन चढवला.

शेवटच्या डावात क्वालिटीची तिन्ही पोरं झटपट मेली. पेंट शॉपचाही एकच जण उरला. बॉम्ब त्याच्याकडे होता आणि वेळ उरली होती वीस सेकंद. पुढं दाराकडे तोंड करून मोनिका उभी होती, मागं खांबाआड सदाशिव.

तो शेवटचा जण जिन्यावरून उतरला. सावकाश, पावलं न वाजवता. सदाशिवला तो डोक्यापासून बुटापर्यंत दिसला. मोनिकाची पाठ त्याच्याकडे होती. माइक सदाशिवच्या तोंडासमोर होता आणि शब्द एकच बोलायचा होता.

तो बोलला नाही.

गोळी सुटली, मोनिका पडली. बॉम्ब ठेवायच्या जागेपर्यंत तो माणूस पोचायच्या आत वेळ संपली. असेंब्ली जिंकली. सदाशिव जिवंत होता. त्याचे सात गुण झाले, मोनिकाचे सहाच राहिले. पोरांनी "काका, काका" करून हॉल डोक्यावर घेतला. सदाशिवला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं होतं.

"जमलं की काका," मोनिका म्हणाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती.

सोमवारी तिच्या हातात बदलीचं पत्र पडलं.

दुपारी शिफ्ट सुटल्यावर ती गेटपाशी कंपनीच्या बससाठी उभी होती. सदाशिव तिच्यासमोर जाऊन थांबला. मान काही केल्या वर होईना.

"मोनिका, खेळावरून बदली ठरणार हे मला आधीच कळलं होतं. तुला सांगितलं नाही. आणि तो जिन्यावरून आला ना, तो मला दिसला होता. मी मुद्दाम बोललो नाही."

मोनिकानं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. बस वळून गेटसमोर लागत होती.

"काकूंना उद्या न्यायचंय ना हॉस्पिटलात?"

"हो."

"बदलीचं मला बी ठावं व्हतं. आन् काका, त्यो कोपऱ्यातला नकाशा तुमी बघितलाच न्हाई," ती म्हणाली. "आपल्यातल्या एकाला शत्रू दिसला, की समद्यांच्या नकाशावर तिथं लाल ठिपका येतो. तुमाला दिसला तवाच मला बी दिसला व्हता." ती बसच्या पायरीवर चढली. "मीच वळले न्हाई."