घर काढणारी पोरगी

एक डोळा मिटून, पेन्सिलचा हात लांब करून ती पोरगी घराकडे बघत होती. मग मांडीवरच्या कागदावर काहीतरी ओढायची आणि पुन्हा पेन्सिल उचलायची.

सुशिलाबाई दाराच्या फटीतून हे पाहत होती. कामठा गावातला हा रस्ता रुंद होणार आणि त्यात आपलं घर जाणार हे कळल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. टेप घेऊन आलेल्या माणसांना तिनं दोनदा काठी दाखवून पिटाळलं होतं, दारापुढच्या सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबालाही हात लावू दिला नव्हता. पण पोरीवर काठी कशी उगारायची?

शेवटी तीच बाहेर आली.

"काय करून राहिली वो?"

"तुमचं घर काढून राहिली, आजी," पोरगी मान वर न करता म्हणाली.

सुशिलाबाई मटकन खाली बसली. नवऱ्यानं स्वतः माती तुडवून उभ्या केलेल्या या भिंती सोडल्या तर तिचं दुसरं कोणी नव्हतं.

"नोको काढू वो माय. मी कुठं जाऊ?"

पोरगी गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती कागद घेऊन धावतच आली. कौलं, सपरी, दाराजवळचा रांजण, सगळं हुबेहूब उतरलं होतं.

तिचं नाव रुची. राहायला कुडव्याला, गोंदियात चित्रकला शिकत होती. पुढे तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं आणि त्याच्या परीक्षेला चित्रं काढावी लागतात, म्हणून हा सराव. घरच्यांना हे सगळे थेर वाटायचे. एक मामाजी तेवढे तिच्या बाजूचे. ते बांधकामातलेच. पुस्तकातली घरं कायले काढते, खरं घर काढ, असं सांगून हे घर त्यांनीच सुचवलं होतं.

सुशिलाबाई स्वतःलाच हसली. साप साप म्हणून भुई धोपटली म्हणायची! तिनं रुचीला चहा पाजला, कुठली भिंत नवऱ्यानं कधी घातली ते दाखवलं.

मामाजींनी मापंही आणायला सांगितली होती, टेपसुद्धा त्यांचाच. त्याचं एक टोक सुशिलाबाईनं आनंदानं भिंतीशी धरलं, दुसरं घेऊन रुची थेट रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली.

"आर्किटेक म्हंजे का करते वो?" म्हातारीनं विचारलं.

"घर पहिले कागदावर काढते, आजी. मंग ते जमिनीवर होते."

जाताना सुशिलाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. किती दिवसांनी त्या दाराला आतून कडी लागली नाही.

संध्याकाळी कुडव्यात रुचीनं कागद मामाजींपुढे धरला. त्यांनी आधी मापं वाचली, मग चित्राकडे पाहिलं.

"बढिया काढलं पोरी," ते म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. "हाव, भुपेंद्र बोलून राहिलो. कामठ्याच्या बुढीचं माप भेटलं. सकाळीच जेसीबी पाठव. घर कागदावर काढून झालं, आता जमिनीवरून काढाचं हाय."